कुल्फीवाल्याचा डबा

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी आपल्या शाळेत नववीत होतो. त्यानंतर कितीतरी रात्री औसा तालुक्यातली आम्ही मंडळी अंगणातच झोपत होतो आणि आता जमिनीतून ज्वालामुखी फुटणार, अशी आवई गावात उठली होती. शाळा पुन्हा भरली, त्या दिवशी भूगोलाच्या सरांनी कडुलिंबाखाली वर्ग घेतला आणि नेमलेला धडा बाजूला ठेवून त्या आवईचेच उत्तर दिले.

पृथ्वीच्या पोटात सगळा रस उकळतो आहे, अशी आमची समजूत होती. सरांनी सांगितले की कवचाखालचे प्रावरण, म्हणजे तिथला खडकाचा जाड थर, तप्त असले तरी घनच आहे. ते वितळायला निमित्त लागते आणि असे निमित्त बहुतेक वेळा भूपट्टांच्या, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराच्या सरकत्या तुकड्यांच्या, सीमेवर जुळून येते. आइसलँडमध्ये दोन भूपट्ट दूर सरकतात, खालचा खडक वर येतो, त्याच्यावरचा दाब उतरतो आणि तो वितळू लागतो. जपानकडे मात्र समुद्रतळाचा भूपट्ट दुसऱ्याखाली शिरतो. मग तिथे खडक का वितळतो, असे सरांनी विचारले. तो घासून तापत असेल, असे मी उत्तर दिले, तेव्हा सरांनी फाटकाशी उभ्या असलेल्या कुल्फीवाल्याचा बर्फ आणि मीठ भरलेला डबा मागवून घेतला. मीठ बर्फाला ऊब देत नाही, तरी बर्फ वितळतो, कारण वितळण्यासाठी लागणारे तापमानच मिठामुळे खाली येते. शिरणाऱ्या भूपट्टातल्या खनिजांत पाणी बांधलेले असते. साधारण १०० किलोमीटर खोलीवर ते सुटून वरच्या तप्त प्रावरणात जाते आणि तिथे मिठाचे काम करते. पाठ्यपुस्तकांत हा पाण्याचा भाग फार घाईने उरकला जातो, असे मला आजही वाटते. आपल्या अंदमानातले बॅरन बेट १९९१ मध्ये जागे झाले, त्यामागेही हेच पाणी आहे. किल्लारी मात्र अशा सीमेपासून फार आत आहे. तिथे खडकातला ताण मोकळा झाला, शिलारसाचा त्यात संबंध नव्हता.

“मग लाव्ह्यापासून झालेला आपला काळा दगड कुठला?” असे एका मुलीने विचारले. सर आम्हाला शेजारच्या मळ्यातल्या विहिरीवर घेऊन गेले. वर मुरूम, मग भोकाभोकांचा मांजऱ्या दगड, त्याखाली तांबडा पट्टा आणि मग पुन्हा काळा पाषाण, असे थर तिथे उघडे पडले होते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमधून लाव्हा थरावर थर पसरत गेला, आणि तोही सीमेमुळे नव्हे, तर भूपट्टाखालून वर आलेल्या उष्णतेमुळे, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. पट्ट्यावर बोट फिरवले, तर तांबडी माती बोटाला लागली. लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या काळात तिथे ऊनपाऊस झाला होता, असे सर म्हणाले.

त्या रात्री अंगणात आजीला झोप येईना, तेव्हा मी तिला कुल्फीच्या डब्यापासून सगळे सांगायला सुरुवात केली.