ओल्या भिंतीवर

रविवार, रात्र

अमेरिकेहून घरी परत येऊन आठ दिवस झाले, तरी पहाटे तीनला जाग येतेच. उठून पडवीत बसते. वळचणीचं पाणी धो धो गळत असतं, आणि मनात येतं की मेनमध्ये आत्ता संध्याकाळचे साडेपाच. या वेळेला आम्ही सगळे तळ्यावर पोहायला निघायचो.

स्कोहीगन हे अमेरिकेच्या मेन राज्यातलं गाव. तिथली चित्र-शिल्पाची उन्हाळी शाळा 1946 पासून चालू आहे. दर उन्हाळ्यात साधारण 65 जण, नऊ आठवडे. माझ्यासारखे पदव्युत्तर शिकणारे त्यात बरेच. परीक्षा नाही, मार्क नाहीत. स्टुडिओ, जेवण, आणि भोवती रात्री दोनपर्यंत काम करणारी माणसं. शिष्यवृत्ती मिळाली म्हणून जाता आलं, नाहीतर विमानाच्या तिकिटाशीच अडले असते.

पहिले दोन आठवडे मी नुसता समुद्र रंगवला. वेंगुर्ल्याचा, आठवणीतला. एकही चित्र धड झालं नाही. मग एका सकाळी फ्रेस्कोच्या, म्हणजे ओल्या गिलाव्यावर भित्तिचित्रं काढायच्या, शेडमध्ये गेले आणि ओल्या चुन्याचा वास नाकात शिरला. चतुर्थीच्या आधी घराला चुना काढायचे, आई बादलीत निळीची पूड टाकायची, तो वास. दारातच थांबले.

फ्रेस्कोत रंग नुसत्या पाण्यात कालवतात. डिंक नाही, तेल नाही. गिलावा ओला आहे तोवर रंगवायचं. मग चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतो, पुन्हा दगड होतो आणि रंग त्यातच अडकून राहतो. म्हणून दिवसभरात जेवढं रंगवून होईल तेवढाच गिलावा लावायचा. त्या तुकड्याला इटालियनमध्ये जोर्नाता म्हणतात. एका दिवसाचं काम.

तिथून जवळच साउथ सोलनला 1842 साली बांधलेलं पांढरं लाकडी प्रार्थनागृह आहे. 1950 च्या दशकात या शाळेतल्या तरुण चित्रकारांनी ते आतून भिंती, छत सगळं फ्रेस्कोने भरून टाकलं. शेतांच्या मधोमध, एवढ्याशा गावात. बाकावर बसून बघताना मला आमचं देऊळ आठवलं आणि रडू आलं. शेजारच्या मुलीने काही न विचारता पाण्याची बाटली पुढे केली.

आमच्या देवळात कावी होती. जांभ्याच्या भिंतीवर चुन्याचा पांढरा गिलावा, त्यावर लाल कावेचा पातळ थर, आणि तो ओला असतानाच टोकदार सळईने खरवडून खालचा पांढरा काढायचा. कमळं, वेली, हत्ती. लहानपणी प्रदक्षिणा घालताना मी बोट त्या खाचांतून फिरवत जायचे. मी बारावीत असताना जीर्णोद्धार झाला आणि त्या भिंतीवर गुळगुळीत टाइल्स बसल्या. कोणी वाईट हेतूने केलं नाही, वर्गणी काढून, भक्तीने केलं. पण माझ्याकडे त्या भिंतीचे दोनच फोटो आहेत, दोन्हींत पुढे आम्ही भावंडं उभी. मेनला सगळ्यांना कावी समजावून सांगताना तेच दाखवले.

म्हणून यंदा गणपती बसतो त्या कोनाड्यामागची दोन बाय तीन फुटांची जागा बाबांकडे मागून घेतली. ते प्लास्टिक पेंटचा डबा आणून बसले होते. म्हणाले, "चतुर्थी तोंडावर आलीय, भिंत सुकली नाही तर?" वाडीतल्या आबांनी तरुणपणी चुन्याची कामं केलेली. त्यांना बोलावलं. आबांनी माझा कालवलेला चुना चिमटीत घेतला, बोटांवर चोळला आणि विचारलं, "गूळ खंय?"

गूळ मी विसरले होते. इतके आठवडे चुन्यात हात घालून आले आणि आमच्या चुन्यात गूळ घालतात हे विसरले. तो भिजवून, पुन्हा मळून चार दिवस गेले. आजी दारातून बघत म्हणाली, "इतक्या लांब जावन चुनोच कालवलंस काय गो?" हो म्हटलं. तिला फार आनंद झाला.

आज लाल थर दिला. आबा नदीतल्या गोट्याने घोटत होते, मी कंपासाने वर्तुळ मारलं. पावसाळी हवेत गिलावा लवकर ओढत नाही, हाताला भरपूर वेळ मिळतो. पहिली पाकळी खरवडली तेव्हा लालातून पांढरी रेघ इतकी स्वच्छ निघाली की आबा घोटायचे थांबले. संध्याकाळपर्यंत पाच पाकळ्या झाल्या. तिसरी थोडी वाकडी आहे. तशीच ठेवणार.

सोमवार, पहाटे

तीनला उठले. माजघरात उजेड दिसला. बाबा मोबाइलचा टॉर्च तिरका धरून भिंतीसमोर उभे होते. मला बघून हळूच म्हणाले, "हात नाही लावला. अजून ओलीच दिसतेय."