कडं काही जुळेना

मे महिन्यात नागपुरात दुपारी बारा ते पाच घराबाहेर पडायची सोय नसते. कूलरमध्ये पाणी भरायचं आणि ते आटायची वाट बघायची. यंदा सुट्टीत आलेल्या भाच्यानं या वेळेला मला एक उद्योग लावून दिला: काँप्युटरवर रॉकेट बांधायचा गेम.

उडवणं एकवेळ जमतं, बांधणं जमत नाही. टाकीखाली इंजिन लावायला जावं, तर ते लाडावलेल्या पोरासारखं टाकीच्या कुशीलाच चिकटतं. जोडायचा हिरवा ठिपका समोर दिसतोय, माउस त्याच्यावरच आहे, तरी नाही. भाचा म्हणाला, "मामा, ऑल्ट दाबून धरा ना. मग ते ठिपका सोडून कुठंच चिकटत नाही." धरलं, बसलं. पण तेच बटण दाबून बसलेल्या भागावर क्लिक केलं की त्याची नक्कल हातात येते, हे त्यानं सांगितलं नव्हतं. थोड्या वेळानं पाहतो तर रॉकेटच्या आजूबाजूला चार बेवारशी इंजिनं हवेत लटकलेली.

खरी मेख कड्यात होती. मला अवकाशस्थानकाला गोल कडं हवं होतं. सात तुकडे गोलात जुळले. आठवा पहिल्याला टेकला, पण जुळला नाही. दिसायला कडं बंद, उडवलं की नेमकं तिथूनच फाकतं. कारण या गेममध्ये प्रत्येक भागाला बाप एकच. खोड, फांदी, फांदीची फांदी. फांदीनं वळून परत दुसऱ्या फांदीला मिळणं त्याच्या हिशेबातच नाही. आमच्या घराण्यात आत्याच सासू झालेली आहे. आमची वंशावळ या गेमला झेपली नसती.

तोड आहे म्हणा. फटीवरून स्ट्रट, म्हणजे आधाराची दांडी, ताणायचा. यात मला नवीन काही वाटलं नाही. आमचा कूलर खिडकीच्या चौकटीत कधीच नीट बसलेला नाही. खाली दोन विटा, फटीत पुठ्ठा, वरून सुतळी, दरवर्षी. दुसरी तोड भाच्याची, आणि ती मला जास्त आवडली: दोन्ही तोंडांना डॉकिंग पोर्ट, म्हणजे यानं एकमेकांना जोडायचे सांधे, लावायचे. बांधताना ते एकमेकांना ओळखही दाखवत नाहीत, लाँचपॅडवर आले की आपसूक चिकटतात. लग्नघरात रुसलेले दोन मामा फोटोपुरते जवळ येतात, तसे.

तेव्हा मला २ एप्रिल २०२२ ची रात्र आठवली. पाडवा होता. आभाळातून जळत्या रेघा सरकत गेल्या होत्या, सगळा विदर्भ माना वर करून बघत होता. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत धातूचं एक मोठं कडं येऊन पडलं, सुमारे तीन मीटर व्यासाचं. चिनी लाँग मार्च रॉकेटचा तो अवशेष असावा, असा जाणकारांचा कयास होता. भाच्याला मोबाइलवर फोटो काढून दाखवला. त्यानं दोन बोटांनी तो मोठा केला, कड्याच्या काठावरून सावकाश नजर फिरवली, सांधा कुठं सापडेना.

"मामा," तो म्हणाला, "यांचं तं बंद झालं ना."