तुम्ही विचारलंत म्हणून : देवळाला कायद्यातून सूट असावी का?

लग्न लागून पंगती बसू लागतात आणि मी पळी-पंचपात्र पुसून पिशवीत ठेवायला घेते, तेवढ्यात कोणीतरी खुर्ची ओढून हा प्रश्न विचारतेच. "काकू, तुम्ही एवढे सगळे विधी सांगता, मग जी देवस्थाने बाईला पुजारी म्हणून उभी करत नाहीत त्यांच्यावर खटला का भरत नाही? देऊळ, दर्गा, चर्च यांना स्त्री-पुरुष समानतेच्या कायद्यातून सूट हवीच कशाला?" विचारणाऱ्याला माझ्याकडून ठाम नकाराची अपेक्षा असते. मी "थोडी सूट असावी" असे म्हणते तेव्हा त्याचा चेहरा पडतो, आणि थोडी म्हणजे किती हे सांगेपर्यंत मठ्ठा वाढायला आलेला असतो. म्हणून ते सवडीने लिहिते आहे.

पुण्यात शंकरराव थत्ते यांनी १९७०च्या दशकात स्त्रियांना पौरोहित्य शिकवायला सुरुवात केली. त्या वाटेवर मी फार उशिरा, बँकेतली नोकरी संपवून आले. मला कामे मिळाली ती यजमानांनी बोलावले म्हणून. पहिल्या वर्षी एका घरी वास्तुशांतीच्या वेळी आजोबा पाटावर बसायलाच तयार होईनात. सुनेने समजूत काढली, पुण्याहवाचन झाले आणि आरतीच्या वेळी त्यांनी आपणहून माझ्या हाती दक्षिणा ठेवली. मला बोलावलेच पाहिजे अशी सक्ती कायद्याने त्या घरावर केली असती, तर मी त्यांना संकल्प सोडायला कोणत्या तोंडाने सांगितले असते? विधी चालतो तो समोर बसलेल्याच्या श्रद्धेवर. कॅथलिक चर्चच्या नियमानुसार धर्मगुरूची दीक्षा फक्त बाप्तिस्मा झालेल्या पुरुषालाच मिळते. मला तो नियम पटत नाही. पण उद्या गोव्यातल्या एखाद्या न्यायालयाने हुकूम काढून एका बाईला ती दीक्षा देववली, तरी तिने अर्पण केलेली मिस्सा भाविकांच्या लेखी मिस्साच ठरणार नाही. पूजा कोणी सांगावी, एवढ्यापुरती सूट मी मान्य करते ती या कारणाने.

दाराची गोष्ट मात्र वेगळी आहे. शनिशिंगणापूरला नोव्हेंबर २०१५ मध्ये एक तरुणी स्त्रियांना बंदी असलेल्या शनीच्या चौथऱ्यावर चढली आणि तिच्यामागून चौथऱ्याला दुधाचा अभिषेक करून तो शुद्ध करून घेण्यात आला. तो प्रकार वाचला तेव्हा मी स्वतः नुकताच एका घरी रुद्राभिषेक सांगून आले होते, आणि जे दूध माझ्या देखत पिंडीवर पडले तेच दूध तिथे बाईचा स्पर्श धुवायला वापरले गेले, याने मला कितीतरी दिवस अस्वस्थ केले. पुढे विद्या बाळ आणि नीलिमा वर्तक यांनी उच्च न्यायालयात याचिका केली, आणि १ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने सरकारला आठवण करून दिली ती १९५६ सालच्या राज्याच्याच एका कायद्याची. सार्वजनिक हिंदू पूजास्थानांत प्रवेशाचा हक्क देणाऱ्या त्या कायद्यात, अडवणूक करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंतच्या कैदेची तरतूद होती. तो कायदा झाला होता अस्पृश्यांसाठी. पंढरपूरला साने गुरुजींनी प्राण पणाला लावून उपोषण केले ते १९४७ साल फार मागे पडले नव्हते, आणि कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे जात होती. पण त्यांनी लिहिले ते "कोणत्याही वर्गाच्या वा विभागाच्या हिंदूला" असे, आणि त्या शब्दांत बाई सहज मावली. साठ वर्षे हा कायदा पुस्तकात होता आणि दारावरच्या रखवालदाराला त्याची गंधवार्ता नव्हती. देवस्थानाने त्यावर काढलेला तोडगाही ऐकण्यासारखा होता : चौथरा पुरुषांनाही बंद. म्हणजे समता आली, फक्त दर्शन गेले. गुढीपाडव्याला गावातले पुरुष बंदी मोडून शिळेला पाणी घालायला चढले, आणि त्याच दिवशी, ८ एप्रिलला, चौथरा सर्वांना खुला झाला.

परंपरेच्या नावाने सूट मागणाऱ्याला तिचे वयही विचारावे, हे मी हाजी अलीच्या प्रकरणातून शिकले. तिथल्या मजारीपर्यंत बायका वर्षानुवर्षे जात होत्या. ट्रस्टने त्यांना अडवायला सुरुवात केली ती २०११-१२च्या सुमारास. भारतीय मुस्लिम महिला आंदोलनाच्या झकिया सोमन आणि नूरजहाँ सफिया नियाझ न्यायालयात गेल्या, ऑगस्ट २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने बंदी उठवली आणि सर्वोच्च न्यायालयात ट्रस्टने स्वतःच माघार घेतली. माझ्या नातवाहूनही लहान असलेल्या रूढीला अनादि म्हणवून घ्यायचे धाडस थक्क करणारे आहे. सर्व वयाच्या स्त्रियांना प्रवेश खुला करणाऱ्या शबरीमलाच्या निकालात, २८ सप्टेंबर २०१८ रोजी, न्यायमूर्ती इंदू मल्होत्रा यांनी वेगळे मत नोंदवले, की धर्मात अत्यावश्यक काय हे न्यायालयाने नव्हे, त्या धर्माने ठरवावे. पूजेच्या क्रियेपुरते मी ते मानते. पण जे देऊळ सगळ्यांकडून वर्गणी घेते, सगळ्यांसाठी रांगेचे कठडे उभारते, त्याच्या उंबरठ्यापाशी ते मत मला अपुरे वाटते.

सूट एकदा दिली की ती कुठवर पाझरते, हे पाहायचे तर अमेरिकेकडे पाहावे. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये, चर्चच्या शाळेतल्या एका शिक्षिकेला 'धर्मसेवक' ठरवले. ती दिवसातली जेमतेम ४५ मिनिटे धार्मिक काम करत असे, बाकी वेळ गणित, भाषा, समाजशास्त्र शिकवत असे. तिची तक्रार आजारपणामुळे नोकरी गेल्याची होती. परंतु धर्मसेवकाच्या नेमणुकीला भेदभावविरोधी कायदे लागूच होत नाहीत म्हटल्यावर बाई म्हणून काढले असते, तरी तिला दाद नव्हती.

आपल्याकडे हा पाझर 'मानधन' या शब्दातून होतो. जिल्ह्यातल्या एका देवस्थानात मी श्रावणात पोथी वाचायला जाते. (अभिषेक मी सांगायचा नाही, सभामंडपातच बसायचे, ही अट मी डोळे उघडे ठेवून मान्य केली आहे.) तिथे पहाटे चारला सभामंडप धुणारी बाई आहे, आणि तिच्याच बरोबरीने ओवरी झाडणारा पुरुष आहे. दोघांचे काम एक, बादल्या सारख्या, पण नोंदवहीत त्याच्या नावापुढे 'वेतन' आणि तिच्या नावापुढे 'सेवा – मानधन', आणि ते त्याच्या निम्म्याने. विचारले तेव्हा कारभारी हात जोडून म्हणाले, "ताई, देवाच्या दारी हिशेब कसला?" त्याच वहीत नारळांच्या पोत्यांचा हिशेब पैशापर्यंत जुळवलेला होता. समान कामाला समान वेतनाचा कायदा देशात १९७६ मध्ये झाला. झाडू, हिशेब, भक्तनिवास, देवस्थानाची शाळा, तिथली बाळंतपणाची रजा, तिथल्या छळाची तक्रार, यांपैकी कशातही देव मध्ये येत नाही, त्यामुळे तिथे सूट मागायला तोंड नाही.

सरकारच जिथे कारभार पाहते तिथे तर माझी 'थोडी' सूटसुद्धा नको. पंढरपूरच्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क १९७३च्या कायद्याने संपवले, ते प्रत्यक्षात संपायला जानेवारी २०१४ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यावा लागला. त्यानंतर मंदिर समितीने पुजाऱ्यांसाठी अर्ज मागवले, तेव्हा जातीची वा स्त्री-पुरुषाची अट ठेवली नाही. राज्याच्या कायद्याने बसलेल्या समितीला दुसरे काही करताही आले नसते.

माझ्या या मांडणीत एक भोक आहे, आणि ते माझ्या मुलीने दाखवले. गाभाऱ्यात कोण उभे राहणार हे ज्यांच्या हाती, ताटातली दक्षिणा आणि गावातला मानही त्यांच्याच हाती. मग बाईला बाहेर ठेवणे हा नुसता श्रद्धेचा प्रश्न उरतो का? याला माझ्यापाशी पुरते उत्तर नाही. एवढेच सांगता येते, की इंग्लंडच्या चर्चला कायद्याने अशी सूट असूनही त्यांच्या सभेने १९९२ मध्ये स्वतः मतदान करून स्त्रियांना दीक्षा द्यायचे ठरवले आणि २०१५ मध्ये तिथे पहिली स्त्री बिशप झाली. मुलगी म्हणाली, "तेवीस वर्षं, आई." खरे आहे ते.

त्या देवस्थानात अभिषेक सांगायला मिळावा म्हणून मी भांडणार नाही. सभामंडप धुणाऱ्या बाईंचा अर्ज मात्र मीच लिहून दिला, वहीच्या दोन पानांची नक्कल जोडून. तो कामगार आयुक्तांच्या कार्यालयात पडून आहे. पुढची तारीख आषाढी एकादशीनंतरची मिळाली आहे.