आमची वाटचाल : आधी बाटल्या, मग जोडी

आमच्या व्यवसायाची सुरुवात एका फस्त झालेल्या घरट्यापासून झाली. फायटर, म्हणजे बेट्टा माशांची एक जोडी हौसेने पाळली होती. नराने पाण्यावर फेसाचं घरटं बांधलं, अंडी पडली, आणि आम्ही दर अर्ध्या तासाने मोबाइलचा दिवा मारून बघत बसलो. सकाळी घरटं मोडलेलं, अंडी गायब, नराचं पोट टम्म. पहिलटकर बाप, त्यात बिचकलेला. तो अंडी खाऊन टाकतो हे आम्हाला कुठे ठाऊक होतं! ताईने वहीत नोंद केली, ‘डोकावू नये.’ ती वही अजून चालू आहे.

पुढची दोन वर्षं विक्री जवळजवळ नव्हतीच. नुसत्या जोड्या लावायच्या, फसायचं आणि लिहून ठेवायचं. हा मूळचा थायलंडकडच्या भातखाचरांतला, उथळ, संथ पाण्यातला मासा. तिथल्या सरकारने २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचर ठरवलं. आम्ही मात्र त्याला खोल टाकी आणि जोरात चालणारा फिल्टर दिला होता. फेस टिकणार कसा? आता पाणी जेमतेम १२ ते १५ सेंटिमीटर, तापमान २७ अंशांच्या आसपास, फिल्टर बंद आणि वर तरंगणारं देशी बदामाचं वाळलेलं पान. घरटं त्याच्या आडोशाला चिकटून राहतं.

मादीला थेट सोडत नाही. दोन्ही तोंडं उघडी असलेली काचेची चिमणी टाकीत उभी करून तिला एक-दोन दिवस त्यात ठेवतो. नर कल्ले फुलवून तिच्यापुढे मिरवतो आणि मधूनच जाऊन फेसात भर घालून येतो. लक्ष मात्र मादीवर ठेवायचं. अंगावर उभे पट्टे, भरलेलं पोट आणि पोटाखाली पांढरा ठिपका दिसला की ती तयार. पट्टे आडवे असतील तर ती घाबरलेली आहे, सोडायची नाही. उभ्या-आडव्याचा हा फरक कळेपर्यंत आम्ही एक चांगली मादी गमावली.

मीलन मी शेकडो वेळा पाहिलंय, तरी हातातलं काम थांबतं. नर अंगाची कमान करून मादीला विळखा घालतो. पहिले काही विळखे कोरडेच जातात. मग एका विळख्यातून टाचणीच्या डोक्याहून लहान, पांढरी अंडी खाली गळायला लागतात. मादी क्षणभर मेल्यासारखी आडवी तरंगते आणि तेवढ्यात नर सूर मारून अंडी तोंडात वेचतो, वर नेऊन फेसात चिकटवतो. असं काही तास चालतं. शेवटी तो तिला हुसकायला लागला की मादी बाहेर काढायची, नाहीतर तिचे पंख फाटलेच म्हणून समजा.

साधारण २४ ते ४८ तासांत अंडी फुटतात. पिल्लं शेपटी खाली करून स्वल्पविरामासारखी फेसाला लटकतात. घसरलं की बाप उचलून परत जागेवर. त्याला दिसावं म्हणून रात्री मंद दिवा ठेवतो. दोन-तीन दिवसांनी पिल्लं आडवी पोहू लागतात. आता नर काढायचा. तो त्यांना पडलेली समजून उचलतच राहतो आणि कधी गिळतोही. त्यानंतर पिल्लांचं खाणं : इन्फ्युसोरिया म्हणजे पाण्यातले सूक्ष्मजीव, मायक्रोवर्म म्हणजे बारीक कृमी, आणि आर्टेमिया, म्हणजे रोज नव्याने अंड्यांतून फोडलेले कोळंबीच्या जातकुळीतले चिमुकले जीव. आणि टाकीवर घट्ट झाकण! ही पिल्लं पुढे वरची हवा घ्यायला शिकतात. ती हवा थंड, कोरडी असली तर पटापट मरतात.

एवढं जमलं आणि आम्ही हवेत गेलो. एकदम तीन जोड्या लावल्या, तिन्ही यशस्वी. पिल्लं चारशेच्या वर. अडीच-तीन महिन्यांनी नर ओळखू यायला लागले आणि त्यांनी एकमेकांचे पंख फाडायला घेतले. प्रत्येक नराला वेगळी बाटली हवी, आमच्याकडे होत्या ८०. घरातल्या बरण्या, पेले, मापाचे डबे, सगळं कामाला लागलं. पाणी बदलता बदलता ताईच्या बोटांची सालं निघाली. शेवटी कितीतरी नर फुकट द्यावे लागले. मोठ्या ऑर्डरचं स्वप्न तिथेच संपलं, आणि मला त्याचं फारसं वाईट वाटत नाही.

दुसरा धडा रंगांचा. एका ग्राहकाने चिडून विचारलं, “तुम्ही मासा बदलून दिलात का?” नेलेला नर पांढरा-लाल होता, दोन महिन्यांत बराचसा निळा झाला. मार्बल जातीत असं होतंच. आता तसा मासा देताना ताई आधीच सांगते, रंगाची हमी नाही. काही जण परत जातात, जाऊ देत. झुंजीसाठी नर मागणाऱ्याला तर आम्हीच परत पाठवतो. आणि बाटली ही फक्त आमच्याकडची तात्पुरती सोय. घरी किमान दहा लिटरची टाकी असेल तरच मासा देतो.

हल्ली जोडी लावण्याआधी रिकाम्या बाटल्या मोजतो. या महिन्यात ६४ निघाल्या, म्हणून एकच जोडी लावलीय, आखूड पंखांचा प्लाकाट नर आणि पहिल्या खेपेची मादी. काल दुपारी अंडी पडली. टाकीवर फडकं टाकलंय आणि त्यावर ताईच्या अक्षरात चिठ्ठी आहे, माझ्या नावाने.