मॉर्गेजमधला गप्प टी

तालुक्याच्या कोर्टात दिवाणी कामं करणाऱ्याला गहाणखताचं काही अप्रूप उरत नाही. परवा एक आजी आणि त्यांची नात जुना स्टँप पेपर घेऊन आल्या. नात स्पर्धा परीक्षेची तयारी करते. टेबलावरच्या माझ्या नोटिशीत तिला एक शब्द दिसला आणि तिने विचारलं, "सर, मॉर्गेजमध्ये टी लिहितात, मग बोलत का नाहीत?"

म्हटलं, तो फ्रेंचांचा टी. 'मॉर्ट' म्हणजे मेलेलं, 'गेज' म्हणजे तारण. नॉर्मन आले आणि इंग्लंडच्या कोर्टात फ्रेंच शिरली, त्यातला हा शब्द.

"अगं बया, मेलं कोण?" आजी दचकल्या.

वकिलांना पाठ असतो तो खुलासा लिटलटन या पंधराव्या शतकातल्या इंग्रज कायदेपंडिताचा. पुढे कोक या दुसऱ्या इंग्रज कायदेपंडिताने १६२८ साली तो आपल्या भाष्यासह छापला. पैसे फिटले नाहीत तर जमीन कर्जदाराला मेली, फिटले तर तारण सावकाराला मेलं. ऐकायला झकास, पण बेतून काढल्यासारखा वाटतो. ग्लॅनव्हिलच्या नावावरचा बाराव्या शतकातला इंग्रजी कायद्याचा ग्रंथ वेगळं सांगतो. उत्पन्नातून मुद्दल फिटत गेलं तर ते जिवंत तारण. उत्पन्न सगळं सावकाराने खायचं आणि मुद्दल जागचं हलायचं नाही, ते मेलेलं. चर्चच्या लेखी ही व्याजखोरी, म्हणजे पापच.

हे सांगता सांगता मी आजींचा कागद उलगडला. मथळा 'ताबेगहाण'. खाली निळ्या शाईत: 'जमिनीचे उत्पन्न व्याजापोटी घ्यावे, मुद्दल कायम.' नात माझ्याकडे बघायला लागली. ग्लॅनव्हिलचं मेलेलं तारण म्हणतात ते हेच!

शेवटची ओळ त्याहून वाईट होती: पाच वर्षांत पैसे न दिल्यास हेच खरेदीखत समजावे. समोरचा, म्हणजे जमीन गहाण घेणारा, त्याच ओळीवर मालक होऊन बसला होता. पण अशी अट म्हणजे गहाण सोडवण्याच्या हक्काला घातलेला अडसर, ती कोर्टात टिकत नाही. एकदा गहाण ते कायम गहाण.

"म्हंजी जमीन जित्ती हाय?" आजींनी विचारलं.

आहे म्हटलं. मुद्दल १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ८३ खाली कोर्टात भरायचं ठरलं. आजींना त्यात फारसा रस नव्हता. रानात समोरच्याने लावलेला ऊस तोडणीला आलाय, तो कोण नेणार, एवढंच त्या परत परत विचारत होत्या. त्याचा अर्ज उद्या टाकतोय.