नळीला मानवेल ते पेलेट

माझी मुलगी १० मीटर एअर रायफल खेळते. ६० शॉट्सच्या फेरीत तिचा स्कोअर ६१८ च्या पुढं सरकेना, तेव्हा तिचे सर म्हणाले, "तिचा सराव ठीक चाललाय, तुम्ही एकदा पेलेट तपासून घ्या." पेलेट म्हणजे एअर रायफलची शिशाची छोटी गोळी. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून ब्राँझ आणल्यापासून आमच्या सांगलीकडं रायफल घेतलेली पोरं बरीच दिसतात. त्याचा प्रकार ५० मीटरचा, पॉइंट टू-टू काडतुसाच्या रायफलचा; पण पालकांना त्याचं काय! पोरं वाढली, चर्चाही वाढली, आणि प्रत्येकाची पेलेटची 'एक नंबर' डबी वेगळी.

परदेशात लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलवाले स्वतः काडतुसं भरतात. दारूचं वजन थोडं-थोडं बदलत नेमका मेळ शोधतात. आपल्याकडं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकारीचा प्रश्नच मिटला, आणि एअर रायफलमध्ये भरायला दारूही नाही. आपल्या हातात एवढंच, की कारखान्यातून आलेल्या पेलेटमधून आपल्या नळीला मानवेल ते शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण ४.५ मिलिमीटरचं पेलेट म्हटलं तरी त्याच्या डोक्याची मापं ४.४९, ४.५०, ४.५१, ४.५२ अशी येतात. त्यात कंपन्या वेगळ्या, आणि एकाच कंपनीच्या एकाच मापातही लॉट, म्हणजे एका वेळी बनवलेला माल, बदलला की गोळी वेगळी वागते.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते टार्गेट बघितलं की कळतं. मधला दहाचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. एका शॉटला जास्तीत जास्त १०.९ गुण; गोळीचं केंद्र मध्यापासून सरकलं, की दर पाव मिलिमीटरला दशांश गुण कमी होतो. बीजिंगला २००८ मध्ये अभिनव बिंद्राचा शेवटचा शॉट १०.८ होता, म्हणजे गोळीचं केंद्र मध्यापासून अर्ध्या मिलिमीटरच्या आत.

मित्राचं कुपवाड एमआयडीसीत वर्कशॉप आहे. सुट्टीच्या दिवशी तिथं पंखे बंद, शटर खाली, वाऱ्याची झुळूकसुद्धा नाही. कोपऱ्यात भंगारात काढलेल्या लेथचा बेड पडून होता. तिथल्या मिस्त्रींनी त्यावर लाकडी जबडे बसवून रायफल आवळायची सोय केली. जबडे जास्त आवळले की ग्रुप, म्हणजे टार्गेटवरच्या भोकांचा पुंजका, फाकायचा, सैल ठेवले की रायफल जागा सोडायची. शेवटी जबड्यांना चामडं लावून, स्क्रू किती फिरवायचा त्याची खूण करून ठेवली, तेव्हा कुठं जमलं. समोर पेलेट अडवणारी लोखंडी पेटी, त्यावर जाड कार्डाचं टार्गेट. साध्या कागदाला भोक फाटतं आणि माप घेता येत नाही.

आरडब्ल्यूएस, एच अँड एन, जेएसबी अशा कंपन्यांचे वेगवेगळ्या मापांचे आणि लॉटचे नमुने गोळा केले. पेलेट बदललं की नळीत आधीच्या शिशाचा थर असतोच. म्हणून फेल्टचे बोळे मारून नळी पुसायची, नव्या पेलेटचे पंधरा-वीस शॉट्स नुसतेच सोडायचे आणि मग मोजायला लागायचं.

पहिल्याच दिवशी एका नमुन्याचे पाच शॉट्स जवळजवळ एकाच भोकात गेले. मी खूश. मिस्त्री व्हर्नियर पुसत म्हणाले, "पाच नगांवर आपण कधी मशीन पास केलंय का साहेब? अजून सोडा." दहा-दहाचे ग्रुप घेतले तर तोच नमुना ७ मिलिमीटरपर्यंत पसरला. मोजायचं बाहेरच्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत. त्यातून पेलेटची जाडी ४.५ वजा केली, की केंद्रांचा पसारा उरतो. बाहेरून ५ मिलिमीटर भरणारा ग्रुप मध्यावर बसला तर सगळे १०.९, ६ चा असेल तर कडेचा शॉट १०.७, ७ चा असेल तर १०.५.

दरम्यान मला वजनाचं वेड लागलं होतं. सराफ कट्ट्यावर ओळखीच्या सराफांकडं मिलिग्रॅमचा काटा आहे, तिथं दुपारी गिऱ्हाईक नसताना डबी घेऊन बसायचो. पेलेट साधारण ०.५३ ग्रॅमचं, फरक निघायचा चार-पाच मिलिग्रॅमचा. सराफ हसायचे, "काका, हे शिसं आहे, सोनं नव्हे." त्यांचं खरं होतं. वेग सेकंदाला १७५ मीटर धरला तर १० मीटरवर गोळी सुमारे १६ मिलिमीटर खाली येते. पाच मिलिग्रॅमच्या फरकानं वेग सेकंदाला एखादा मीटर कमी-जास्त होतो आणि गोळी ०.२ मिलिमीटरही हलत नाही. पेलेटच्या मागच्या बाजूचा वाकलेला घेर मात्र सरळ नुकसान करतो. काचेच्या तुकड्यावर पेलेट लोटायचं: चांगलं असलं की गोल वळण घेत शांतपणे थांबतं, घेर चेपलेला असला की अडखळत, डुलत जातं. तेवढी बाजूला काढायला दहा मिनिटं पुरतात. वजनाचा नाद मी सोडला.

वर्कशॉपमध्ये एक नियम मिस्त्रींनी घालून दिला होता: पेलेटला हात लावल्यावर साबणानं हात धुतल्याशिवाय भडंगाच्या पुडीला हात लावायचा नाही. पोरगी तो नियम माझ्यापेक्षा कडक पाळते.

शेवटी दोन लॉट उरले. ४.४९ चा एक, त्याचे ग्रुप ६.२ च्या आसपास. आणि एच अँड एनचा ४.५० चा, तो परत परत ५.६ च्या जवळ. ती आधी वापरायची ते पेलेट ७ चं होतं. आता कुणी विचारतं, "कुठलं घेतलंत?" सांगतो, पण त्याचा उपयोग नाही. तिच्याच क्लबमधल्या दुसऱ्या रायफलमध्ये हाच लॉट लावून बघितला, तिथं ४.४९ वालाच सरस निघाला.

फायदा किती, याचाही हिशेब मांडला. हाताची हालचाल आणि पेलेटचा पसारा यांची सरळ बेरीज होत नाही. मोठी चूक लहान चुकीला झाकून टाकते. ७ वरून ५.६ वर आल्यानं ६० शॉट्सला तीन-चार गुण मिळावेत. ६.२ आणि ५.६ मधला फरक जेमतेम एक-दीड गुणाचा. एवढ्यासाठी कुणी महिनाभर सराव सोडून असल्या जबड्यांशी खेळत बसला, तर तो पेलेट शोधत नाहीये, सराव टाळतोय, असं माझं मत.

डबीवरचा लॉट नंबर फोटो काढून विक्रेत्याला पाठवला आणि त्याच्याकडं होत्या तेवढ्या सगळ्या डब्या उचलल्या. त्या आता घरी कपाटात आहेत. निम्म्या संपल्या की पुढच्या लॉटचे नमुने मागवायचे, लेथच्या बेडवरचे जबडे मिस्त्रींनी काढलेले नाहीत.