उलटा शकुनी

महिन्यातून एखाद्या रविवारी आमच्या जेवणाच्या टेबलावर पुठ्ठ्याची चौपदरी आडभिंत उभी राहते. तिच्या बाहेरच्या अंगाला जळता किल्ला आणि त्यावर घिरट्या घालणारा ड्रॅगन. आतल्या अंगाला, म्हणजे माझ्याकडे, बारीक टाइपातली कोष्टकं: उंचावरून पडल्यास दर दहा फुटांमागे किती इजा, बेशुद्ध माणसावर वार केला तर काय, कुलूप सोपं असेल तर फाशात किती यायला हवेत आणि अवघड असेल तर किती. या भिंतीला स्क्रीन म्हणतात. खेळ डंजन्स अँड ड्रॅगन्स; तो चालवणारा मी डंजन मास्टर, म्हणजे डीएम, म्हणून माझी खुर्ची तिच्या आत. बाहेर चौघं. आमचा सीए मित्र, जो खेळात दोन हातांनी कुऱ्हाड फिरवणारा योद्धा आहे. एक दंतवैद्य मैत्रीण, ती विझार्ड, म्हणजे जादूगार. माझी बायको क्लेरिक, म्हणजे मंत्र म्हणून बरं करणारी, त्यामुळे सगळ्यांच्या जखमा शेवटी तिच्याच पदरात. आणि इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मावसभाऊ, त्याचं पात्र रोग, म्हणजे कुलपं उघडणारं, खिसे कापणारं. (फोनवर "माझा रोग आता वाढेल, पुढच्या रविवारी बघ" हे त्याचं वाक्य मावशीच्या कानावर गेलं आणि तिने थेट मला फोन लावला.)

"यात जिंकतं कोण?" हा नवख्याचा पहिला प्रश्न. कोणी नाही. डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये चौघं चार पात्रं खेळतात आणि उरलेलं सगळं जग मी: खानावळवाला, पाऊस, लांडगे, राजा, राजाचं कर्ज. ते म्हणतात, "मी भिंतीवरून उडी मारतो." उडी जमेलच असं नसेल तर वीस पैलूंचा फासा पडतो, त्यात अंगच्या गुणांचे दोन-चार मिळवायचे, आणि मी मनात धरलेल्या आकड्याएवढे किंवा जास्त झाले तर जमली. मध्यम अवघड कामाला पंधरा. पुस्तकं जाडजूड आहेत, पण गाभा एवढाच. बाकी गप्पा, चिवडा, आणि चिवड्याच्या तेलकट बोटांनी पिवळी पडलेली कॅरॅक्टर शीट, म्हणजे पात्राच्या गुणांचा कागद.

तयारी माझी आठवडाभर चालते. ऑफिसच्या मीटिंगांमध्ये वहीच्या समासात किल्ल्यांचे नकाशे निघतात आणि बघणाऱ्याला वाटतं मी नोट्स घेतोय. खरा दुष्काळ नावांचा. खेळाडूंना रस्त्यात दिसलेल्या प्रत्येक माणसाचं नाव हवं असतं, कुंभाराचंसुद्धा. मी एसटीच्या पाट्या उलट्या वाचतो. वाईची झाली ईवा, एल्फांची राणी. साताऱ्याचं झालं रातासा, बर्फातलं बुटक्यांचं शहर. कराडचा डराक, ऑर्कांच्या टोळीप्रमुखाला याहून चांगलं नाव कुठल्याही भाषेत सापडणार नाही. सीएचं आजोळ कराडचं. त्याला अजून पत्ता नाही. फलटणपुढे मात्र मी हात टेकले.

मग खेळाडू येतात आणि यातलं काही वापरत नाहीत. हे या खेळाच्या जन्मापासूनचं दुखणं आहे, नव्हे, त्यातूनच तो जन्माला आला. १९६० च्या दशकाच्या अखेरीला अमेरिकेत मिनेसोटा राज्यात शिशाच्या सैनिकांच्या लढाया खेळणारी एक टोळी होती. तिच्यातल्या डेव्हिड वेसलीने नेपोलियनच्या काळातलं ब्राउनस्टाइन नावाचं काल्पनिक प्रशियन गाव घेतलं. दोन सैन्यं दोन बाजूंनी येणार, पण या वेळी त्याने सगळ्यांनाच सेनापती न करता कोणाला नगराध्यक्ष केलं, कोणाला विद्यापीठाचा कुलपती, कोणाला सावकार. झालं. जो तो कोपऱ्यात जाऊन कुजबुजायला लागला, कारस्थानं शिजायला लागली, आणि मुख्य लढाई सुरूच झाली नाही. खेळ पार फसला असं वेसलीला वाटलं. त्या संध्याकाळी घरी जाणारा वेसली मला फार ओळखीचा वाटतो. पण खेळाडू मागे लागले, पुन्हा कधी? त्यांच्यातल्याच डेव्ह आर्नसनने पुढे गावाच्या जागी किल्ला आणि किल्ल्याखाली भुयारं आणली, विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाच्या गॅरी गायगॅक्सने त्याच्याबरोबर नियम बांधले, आणि १९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांचा खोका बाजारात आला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची.

तर तयारी. ती वाया जाऊ नये म्हणून डीएम लोक ज्या लबाड्या करतात त्यातली सगळ्यात पाळीव लबाडी दोन वाटांची. गाव संपलं की रस्ता फुटतो. डावीकडे जंगल, उजवीकडे नदी. ओगर म्हणजे दहा फुटी, मंदबुद्धी, कायम भुकेला राक्षस. तो मी जंगलात ठेवलाय; त्याची गुहा, त्याचं तोतरं बोलणं, त्याने खाल्लेल्या प्रवाशांचे जोडे, सगळं लिहून तयार. मंडळी उजवीकडे वळतात. आता ओगर उचलून नदीच्या पुलावर बसवला तर कोणाला कळणार आहे? आणि बसवायचाच होता, तर डावं की उजवं हे विचारलं कशाला? याला क्वांटम ओगर म्हणतात आणि यावरून जगभरचे डीएम हमरीतुमरीवर येतात.

माझा कौल असा, की जे टेबलावर बोललं गेलं नाही ते घडलेलं नाही. ओगर माझ्या वहीत आहे तोवर कुठेही बसेल. पण रोगाने धनगराच्या हातावर चांदीचं नाणं ठेवून "धोका कुठल्या वाटेला?" असं विचारलं आणि धनगर "डावीकडं" म्हणाला, की ओगर डावीकडे खिळला. त्यानंतर तो हलवणं म्हणजे नाणं घेऊन माल न देणं. त्या दिवशी धनगराला कोणी विचारलं नाही. बायको म्हणाली, "नदीकडून जाऊ, जंगलात डास असतील." ओगर पुलावर गेला.

वाट हलवणं वेगळं आणि फासा हलवणं वेगळं. स्क्रीनमागे फासा टाकायचा, आकडा बघायचा आणि तोंडाने दुसराच सांगायचा, याला फजिंग म्हणतात. डीएमसाठी १९७९ मध्ये लिहिलेल्या जाड पुस्तकात खुद्द गायगॅक्सने फाशाचा कौल बाजूला सारायची मुभा देऊन ठेवली आहे, त्यामुळे शास्त्राधार आहेच. आपल्याकडे फासे आणि लबाडी म्हटलं की शकुनी. पण त्याचे फासे समोरच्याला नागवायला पडत होते. डीएमची लबाडी समोरच्याला तारायला असते. उलटा शकुनी. समोरच्याला कळू द्यायचं नाही, एवढं मात्र दोघांचं सारखं.

पुलावर ओगरने विझार्डवर सोटा उगारला. पहिल्या लेव्हलची विझार्ड, अंगात सगळे मिळून आठ हिट पॉइंट, म्हणजे एवढीच इजा सोसायची ताकद. मी स्क्रीनमागे फासा टाकला. वीस. नॅचरल ट्वेंटी, शंभरात पाचदा येणारा, आणि तो आला की इजेचे फासे दुप्पट. ओगरच्या सोट्याला आठ पैलूंचे दोन, ते झाले चार. तीन, सहा, पाच, चार. अठरा, वर त्याच्या ताकदीचे चार, बावीस. त्यातून आठ गेले तरी चौदा उरतात, आणि उरलेली इजा मूळच्या आठाएवढी किंवा जास्त असेल तर नियमात पळवाट नाही. एरवी शून्यावर आलेलं पात्र बेशुद्ध पडतं, जगण्यासाठी फासे टाकतं, दहा किंवा वर तीनदा आले की तगतं. इथे तेही नाही. जागच्या जागी खलास.

पलीकडे दंतवैद्य पेन्सिल टेकवून थांबली होती. शीटच्या कोपऱ्यात तिने त्या विझार्डचं चित्र काढलं होतं: ठिगळाचा झगा, एका कानात कुडी, खांद्यावर कुठल्याशा गावात पाळलेलं लंगडं मांजर. "किती?" तिने विचारलं.

सात म्हणणं किती सोपं होतं. सात म्हटलं असतं की एक हिट पॉइंट उरला असता, टेबलावर एकच आरडाओरडा झाला असता, बायकोने मंत्र म्हणून बरं केलं असतं, चहा आला असता.

मी बावीस म्हणालो आणि स्क्रीन सरकवून फासे दाखवले. तिने ते एकेक बोट लावून मोजले. शीटवरचे आठ खोडून शून्य लिहिलं. मग म्हणाली, "मांजर कोण घेणार?"

त्यानंतरची पुलावरची लढाई मी वर्णन करू शकणार नाही. एकोणसाठ हिट पॉइंटांचा ओगर. एरवी सीए प्रत्येक वाराआधी डोक्यात हिशेब मांडतो, तो त्या दिवशी फासे मोजायचंही विसरला, मावसभावाने मोजून दिले. रोग कठड्यावरून ओगरच्या मानेवर उडी मारून बसला आणि पडेपर्यंत उतरला नाही. दंतवैद्य उरलेला वेळ मांजर खेळली. लुटीच्या वाटपात मांजराला हिस्सा असावा का, यावर वेगळं भांडण झालं आणि मांजर जिंकलं.

सेशन संपल्यावर जिन्यात सीएने मला गाठलं. "अरे, ती आठवडाभर लोकांच्या दाढा काढते, तिला एक रविवार मिळतो. आणि तू तिला सहा वाजता मारतोस?" त्याचं म्हणणं खोडण्यासारखं नाही. ज्याचं आठवड्याचं आयुष्य आधीच पुरेसं फाशावर चाललंय, त्याला इथे तरी थोडी गॅरंटी हवी, हा हट्ट मी चुकीचा म्हणणार नाही. शिवाय एक गोष्ट त्याला माहीत नाही, आणि बायकोलाही नाही. फासा मी हलवला नाही, पण ओगर तिथे हलवला होता मीच. डासांचा विषय निघाला नसता तर त्या पुलावर चार मेंढ्यांपलीकडे काही नव्हतं. मग माझ्या त्या चार उघड्या फाशांची ऐट नक्की किती? यावर मी अनेक रात्री विचार केलाय आणि दर वेळी निकाल वेगळा लागलाय.

पण मी दुसऱ्या एका टेबलावर नुसता खेळाडूही असतो, आणि तिथून हेच सगळं पार निराळं दिसतं. तिथला डीएम मनाने फार चांगला. स्क्रीनमागे टक्कन फासा पडतो, क्षणभर काही ऐकू येत नाही, आणि मग तो म्हणतो, "चुकला!" तो क्षण मी ओळखतो. खरोखर चुकलेला वार लगेच जाहीर होतो. माफ केलेल्याला जरा वेळ लागतो. माझा सरदार अशा कित्येक वारांतून वाचलाय. तो मरणार नाही हे मला पक्कं ठाऊक झाल्यापासून मी त्याची ढाल विकून टाकली आणि त्या पैशांत एक देखणा घोडा घेतला. त्यानंतर गुहेत शिरताना मी टेबलाखाली मोबाइल बघतो. माणूस इतका जपतोय आणि मी असा कृतघ्न! गंमत म्हणजे पुढच्या रविवारी स्वतःच्या खुर्चीत बसलो की माझ्याही हाताला तीच खाज सुटते.

या सगळ्यातून अंग काढून घेणारे खेळही आहेत. २०१० मध्ये व्हिन्सेंट आणि मेग्वी बेकर यांनी अपोकॅलिप्स वर्ल्ड काढला, त्यात चालवणारा फासेच टाकत नाही. खेळाडू सहा पैलूंचे दोन टाकतो. दहा किंवा वर आले तर काम फत्ते, सहा किंवा खाली आले तर भोग, आणि सात ते नऊ आले तर काम होतं पण किंमत मोजून. वर काही मिळवायचं नसेल तर छत्तीसपैकी पंधरा वेळा हे मधलंच येतं. लपवायला फासाच नाही म्हटल्यावर शकुनीगिरीचा प्रश्न मिटला. त्याऐवजी दर पाच मिनिटांनी किंमत शोधायची. "दार उघडतं, पण..." असं म्हणून मी थांबायचो आणि चौघं डोळे लावून बसायचे. पण काय? दाराची कडी निखळते, पण आवाज होतो. मग आणखी एक दार, पुन्हा आवाज. संध्याकाळच्या शेवटी त्या किल्ल्यातली एकूण एक दारं करकरत होती. सीए म्हणाला, यात हिशेबाला जागाच नाही, आणि आम्ही मुकाट वीस पैलूंकडे परतलो.

पूल अजून आमच्या मंडळींकडेच आहे. ईवा राणीने त्यांना मुकुट शोधायला धाडलं होतं, डराकची टोळी रातासाच्या वेशीला भिडली आहे, मी त्या वेढ्याची सहा पानं लिहून बसलोय. आणि सीएने पुलावर टोलनाका बसवलाय. बैलगाडीला तांब्याची दोन नाणी, घोड्याला एक, पायी जाणाऱ्याला माफ, रोज ये-जा करणाऱ्याला मासिक पास. जुलैअखेर रिटर्न भरायच्या गर्दीत त्याला सेशनला येता येत नाही, तेव्हा त्याचा योद्धा 'नाक्यावर ड्यूटीला' असतो, ही एक फार मोठी सोय झाली. दंतवैद्यचं नवं पात्र म्हणजे मेलेल्या विझार्डची धाकटी बहीण. ती मांजर न्यायला आली आणि गाडीचे पैसे नसल्यामुळे नाक्यावर अडकली. बायको तिला सोडा म्हणत होती, सीए पावती दाखवा म्हणत होता. रोग रात्रपाळीत पावती न फाडता पैसे घेतो; हे मावसभाऊ मला व्हॉट्सॲपवर गुपचूप कळवतो, "दादा, कोणाला सांगू नकोस."

पुढच्या सेशनला राणीचं सैन्य त्या पुलावरून जायचंय. सैन्याला टोल माफ की नाही, यावर टेबलाचे दोन तट पडलेत. घोडे एकूण किती, हे सीएने मला आगाऊ लेखी मागितलंय.